उजव्या चाकाचं सील

सय्यद मॅडम बोलताना येरझाऱ्या घालायच्या. ऐकणाऱ्याची मान दुखून यायची. कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत त्या तळमजल्यावर एकट्या राहत आणि त्यांच्या खिडकीसमोरच पार्किंग होतं. कुणाच्या स्कूटरची चेन सैल झाली, कुणाच्या गाडीचा पट्टा किंचाळायला लागला, की मालकाच्या आधी मॅडमना कळायचं. त्या बाहेर येत, "अहो, ही गाडी ओरडतेय. ऐकू येत नाही की ऐकायचं नाही?" एवढं विचारत आणि उत्तराची वाट न बघता आत निघून जात. शेवटची तीन वर्षं त्या कोल्हापूरला लेकीकडे होत्या. गेल्या वर्षी तिथेच वारल्या. त्यांच्या फ्लॅटमध्ये आता राहणाऱ्या पोरांना त्यांचं नावही ठाऊक नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

निवृत्त होईपर्यंत त्या सरकारी आयटीआयमध्ये लेथ मशीनवरचं काम शिकवत. भवानी पेठेत जन्म, तिथल्याच मराठी शाळेत शिक्षण. कुणी नवखा कौतुकाने म्हणाला, "मॅडम, तुमचं मराठी किती छान आहे हो," तर त्या थांबून त्याच्याकडे बघत आणि म्हणत, "तुमचंही बरं आहे."

माझी त्यांची खरी ओळख झाली ती गाडीमुळे. माझा थोरला भाऊ परदेशी गेला तेव्हा त्याची लाल रंगाची, दोनच माणसांची, उघड्या टपाची जुनी स्पोर्ट्‌स कार माझ्या गळ्यात घालून गेला. ती माझ्याहून वयाने मोठी. मी रोज खराडीला कंपनीच्या बसने जाणारा माणूस. गाडी फक्त रविवारी काढायचो. चाळीसच्या पुढे गेलं की मागून घूं घूं असा आवाज यायचा. मी तो वाऱ्याचा समजायचो.

एका रविवारी पार्किंगमध्ये शिरलो तर मॅडम पिलरपाशी उभ्या होत्या.

"मागचं बेअरिंग गेलंय," त्या म्हणाल्या.

"बहुतेक वारा असेल, मॅडम."

"बहुतेक! हे माप कुठल्या पट्टीवर असतं?" त्यांनी वाकून मागच्या चाकाच्या आतल्या बाजूने बोट फिरवलं आणि माझ्यासमोर धरलं. काळं, चिकट तेल. "आणि हा काय, पाऊस? सील फाटलंय. आतलं तेल ब्रेकवर येतंय. ही घेऊन घाटात जाता तुम्ही? बायकोला शेजारी बसवून?"

आम्ही पुढच्याच महिन्यात महाबळेश्वरला जाणार होतो.

दोन्ही चाकांची बेअरिंगं आणि सीलं नाना पेठेत शोधायला त्या स्वतः माझ्याबरोबर आल्या. दुकानदार "हेच लागतं" म्हणाला, तर त्यांनी पर्समधून मोजायचं व्हर्नियर काढलं. दुकानदाराने मुकाट्याने दुसरा डबा उघडला. तेव्हाही त्यांचा पाय एका जागी ठरत नव्हता, घड्याळाकडे सारखी नजर जात होती. "घाई आहे का?" मी विचारलं. "मला आहे. बेअरिंगला नाही," त्या म्हणाल्या.

काम रविवारी सकाळी सुरू झालं. गाडी जॅकवर उचलून खाली लोखंडी स्टँड लावले. चाकं काढली, मधला मोठा नट सोडवला, पुलर लावून हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला भाग, ओढून काढलं. जुनं बेअरिंग हातात फिरवलं तर आत खडे भरल्यासारखं खरखरत होतं. नवं बसवताना मॅडम फटका कुठे मारायचा ते दाखवत: कडेच्या कड्यावर, सगळीकडून सारखा. "गोळ्यांवर मारलंत तर नवीन बेअरिंग आजच जुनं होईल." मग रबराचं सील. त्याची एक बाजू सपाट, दुसऱ्या बाजूला बारीक स्प्रिंग. स्प्रिंगची बाजू आत, तेलाकडे. उलटं बसलं तर तेल अडतच नाही, सरळ ब्रेकवर येतं. दोन्ही सीलं त्यांनी स्वतः बसवली. दुपारी गाडी चाकांवर उभी राहिली तेव्हा मला वाटलं, सुटलो.

सोमवारी सकाळी सातला दार वाजलं. बेल होती, तरी त्या दारच वाजवत. मी बूट घालत होतो.

"उजवं चाक उघडायचंय."

"आत्ता? मॅडम, माझी बस आहे. नऊला मीटिंग आहे."

"डावं सील बसवलेलं मला आठवतंय. उजवं आठवत नाही. कुठल्या तोंडाने बसवलं ते आठवतच नाही." जिन्याच्या एवढ्याशा जागेत त्या दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे करत होत्या. साडी कालचीच होती.

"तुम्ही बसवलंय म्हणजे बरोबरच असणार," मी म्हणालो. खरं तर मला जायचं होतं.

"असं वर्गात एखादा पोरगा म्हणाला असता तर मी त्याला बाहेर काढलं असतं," त्या म्हणाल्या. पण नेहमीची धार आवाजात नव्हती. त्या माझ्याकडे अशा बघत होत्या की मी बूट काढले आणि ऑफिसला येत नसल्याचं कळवलं.

पुन्हा जॅक, पुन्हा नट, पुन्हा पुलर. मॅडम कोपऱ्यातल्या नळापर्यंत जात आणि परत येत. हब हातात आलं. मी ते उजेडात धरलं. स्प्रिंग आतच होती.

"बघा! बरोबर आहे!" मी जवळजवळ ओरडलोच.

त्यांनी हब हातात घेतलं, सीलवरून अंगठा फिरवला आणि परत माझ्याकडे दिलं. "सील बरोबर आहे हो. मी बरोबर नाही."

मी हब खाली ठेवलं. मग त्या स्वतःच सांगू लागल्या, दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तशा. मागच्या आठवड्यात मंडईत भाजी घेतली, बाहेर आल्या आणि बस कुठून सुटते ते आठवेना. मंडईला दोन फेऱ्या मारल्या. शेवटी रिक्षात बसल्या, तर पत्ता सांगितला तो भवानी पेठेतल्या माहेरच्या घराचा. ते घर पाडून कित्येक वर्षं झाली होती. "तिथे उतरल्यावर कळलं. कुणाला बोलले नाही. हल्ली सकाळी उठल्यापासून काय विसरलंय तेच शोधत असते. एका जागी बसले की भीती वाटते."

"शबानाला सांगितलंत?" शबाना त्यांची एकुलती एक मुलगी.

"तिला दोन लहान पोरं आहेत," एवढंच त्या म्हणाल्या. "चाक लावा. सगळं तुम्ही करा. आणि मी म्हणते म्हणून ऐकू नका, गाडीच्या पुस्तकात बघून करा."

ते मला फार लागलं. तरी पुस्तक आणलं आणि एकेक ओळ मोठ्याने वाचत चाक बसवलं. मग त्यांना शेजारी बसवून खडकवासल्याच्या रस्त्याला गाडी काढली. चाळीस, पन्नास, साठ. आवाज नव्हता. ब्रेक दोनदा जोरात दाबून पाहिला, गाडी सरळ थांबली. धरणाच्या अलीकडे त्यांनी हाताने थांबायची खूण केली.

"मॅडम, शबानाला मी फोन करू का?"

त्या पाण्याकडे बघत होत्या. तसंच बघत त्यांनी होकारार्थी मान हलवली. मी नंबर लावला, पलीकडून "हॅलो" आलं, तेवढ्यात त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला. "द्या इकडे. तुम्ही तिखटमीठ लावाल."

मी खाली उतरून लांब जायला निघालो. तरी ऐकू येत होतं.

"अगं, मी बोलतेय. पडले-बिडले नाही. नीट ऐक, मधे बोलू नकोस. मला विसरायला होतंय. नाही, चष्मा-किल्ल्या नाही गं. घर विसरले." मग त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "हो, एकटीला भीती वाटते. तू नको येऊस, पोरांच्या शाळा आहेत. मीच येते."