ओट्यावरच्या बैठका

माझी नणंद प्रेरणा एका पायावर बैठक मारते. दुसरा पाय समोर सरळ धरायचा, जमिनीला टेकू द्यायचा नाही, पार खाली बसायचं आणि त्याच एका पायावर उठायचं. गावात पाहुणे आले की तिला ओट्यावर बोलावून हे करायला लावायचे. मला तेव्हाही संताप यायचा, पण मी नवी सून, बोलणार कोणाला?

पवनानगरच्या अलीकडं आमचं गाव. गावात तालीम आहे आणि तालमीत बाजीराव वस्ताद. शाळेत असल्यापासून त्यांनी प्रेरणाला कबड्डीसाठी घडवलं, हे मी नाकारत नाही. पहाटे ती तालमीबाहेरच्या दगडी ओट्यावर आणि तिचा भाऊ, म्हणजे माझा नवरा स्वराज, आत. आतल्या पोरांच्या खांद्यावर लोखंडी बार, त्याला दोन्हीकडून वजनं. बैठका जमल्या की वजन थोडं थोडं वाढवायचं. प्रेरणाला मात्र स्वतःच्या अंगाचं वजन, तेवढंच. बारानं माणसाचा ठोकळा होतो, खरी ताकद एका पायाच्या बैठकीत, असं वस्ताद सांगायचे.

ते पटावं असं घडायचंही. एका जत्रेत त्यांनी स्वराजला सगळ्यांसमोर एका पायावर बसायला लावलं. भला मोठा बार उचलणारा हा गडी अर्ध्यात डगमगला आणि बुडावर आपटला. प्रेरणा शेजारी सहज बसून उठली. गाव पोट धरून हसलं. तेव्हापासून बाराला नावं ठेवायचा छंदच लागला सगळ्यांना. नावं ठेवणारी पोरं दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा बाराखालीच असायची, हे कोणी बघितलं नाही. मी बघितलं.

गेल्या वर्षी लोणावळ्यात जिल्ह्याच्या संघाची निवड झाली. सासऱ्यांनी, कोंडाजींनी, आधीच सांगून ठेवलं होतं: संघात आलीस तर खेळ, नाहीतर स्थळं बघायला घेतो. मी तिच्याबरोबर गेले होते. चढाईत कोणी तिचा पाय धरला की ती दुसऱ्या पायावर अशी फिरायची की धरणारीच तोंडावर पडायची. पण एका दांडग्या पोरीनं कमरेला मिठी घातली, दुसरी खांद्यावर आली, आणि प्रेरणा जागची हलेना. मधली रेघ हातभर अंतरावर होती. ती तिथंच अडकली.

निवड करायला आलेल्या बाई नंतर तिच्याशी नीट बोलल्या. तोल उत्तम आहे, दोन्ही पाय सारखे तयार आहेत, बार घेऊन बैठका मारणाऱ्यांत हे सहसा दिसत नाही म्हणाल्या. पण अंगावर माणसं पडली की त्यांना रेटायला जोर लागतो, तो स्वतःच्याच वजनावर किती वाढणार? एका पायाच्या बैठका सोडू नकोस, पण आता पाठीवर बार घे आणि वजन वाढवत ने.

सासूबाईंनी, रतनबाईंनी, सासऱ्यांकडून कसंबसं एक वर्ष मागून घेतलं. लोणावळ्याच्या जिमला रोज पहाटे जायला जीप मिळत नाही. बार गावात होता, घरापासून हाकेच्या अंतरावर. प्रेरणा मला बरोबर घेऊन तालमीच्या दारात जाऊन उभी राहिली आणि वस्तादांकडं बार मागितला.

"पोरीस्नी बार लागत न्हाई," वस्ताद म्हणाले.

"मंग पोरास्नी का लागतो, वस्ताद?"

ते खाली बघत म्हणाले, "आत मारुती हाय. बायामानसाचा पाय आत चालत न्हाई, तुला ठावं हाय."

म्हणजे एवढंच होतं. एका पायाच्या बैठकीचं सगळं माहात्म्य उंबऱ्यापाशी निघालं. पोरीला आत घ्यायचं नव्हतं आणि बार बाहेर आणायचा नव्हता, म्हणून जे बाहेर जमतं तेच थोर ठरवलं. पोरीची वर्षं त्यात गेली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरी येऊन मी स्वराजला विचारलं, तुला हे ठाऊक होतं? तो जेवता जेवता म्हणाला, "व्हय. पन वस्तादांम्होरं कोन बोलनार?" त्याच्यापुढचं ताट उचलावंसं वाटलं मला. बुडावर आपटलास ते बरंच झालं, असं मी तोंडावर म्हणाले. सासूबाई चुलीपाशी सगळं ऐकत होत्या.

श्रावणाच्या तोंडावर तालमीतली तांबडी माती नवी करतात. तिच्यात हळद, तेल आणि ताक मिसळतात. ताक गावातल्या बायकाच घुसळतात, पोरं कळशा आत नेतात. त्या सकाळी सासूबाई भरली कळशी घेऊन गेल्या, ती ओट्यावर ठेवली आणि शेजारी मांडी घालून बसल्या.

स्वराज कळशी उचलायला वाकला तर त्यांनी त्याचा हात बाजूला केला. "आमचं ताक आत चालतं, आन् पोरीचा पाय चालत न्हाई. बार भायेर येईस्तवर ताक हितंच ऱ्हाईल."

मागून शेजारच्या कस्तुराबाई आल्या, त्यांनीही आपली कळशी तिथंच ठेवली. मग आणखी दोघीतिघी. वस्ताद दारात उभे राहून मारुतीचा कोप सांगत राहिले. बायका हलल्या नाहीत. ऊन वर आलं, आत माती कोरडीच. शेवटी स्वराजनंच बार बाहेर आणून ओट्यावर ठेवला. इतक्या वर्षांत एवढं एक काम त्यानं धड केलं.

यंदा प्रेरणा संघात आली. तिघी अंगावर असताना त्यांना ओढत तिनं रेघ गाठली. गावानं फ्लेक्स लावला, त्यावर तिच्यापेक्षा वस्तादांचा फोटो मोठा. दोन्ही बैठका लागतात, हे मी पहिल्यापासून सांगत होतो, असं ते आता येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतात. ते ऐकलं की माझं डोकं अजून फिरतं.

परवा त्यांनी प्रेरणाला निरोप धाडला, तुझं काम झालं, बार आत देऊन टाक. ती बार पाठीवर घेऊन बैठका मारत होती. तिनं बार खाली ठेवला, घाम पुसला.

"वस्तादांना सांगा, बार हितंच ऱ्हाईल. ज्याला पायजे त्यानं उंबरा वलांडून भायेर यावं."

आता पहाटे पोरं ओट्यावर येतात. स्वराजही येतो, आणि तिचं होईपर्यंत थांबतो.