पत्र्याची खोली

रुद्रेशनं चप्पल काढायच्या आधीच अंगणातल्या पत्र्याच्या खोलीकडं बोट केलं.

"काका, पहिलं हे काढायचं."

लातुरात घरांचे सौदे जुळवणं हा रुद्रेशचा धंदा. घर विकण्याआधी कशावर खर्च करावा, कशावर करू नये, हे तो उभ्याउभ्या सांगायचा. उमाशंकररावांना घर विकून नांदेडला लेकीकडं, वर्षाराणीकडं, जायचं होतं. बायकोला जाऊन वर्ष झालं होतं आणि गुडघे साथ देत नव्हते.

"रंग द्या, खर्च वसूल होतो. फरशीला हात लावू नका, घेणारा आपल्या पसंतीची घालतो." तो आत जाऊन ओट्यावर हात फिरवून आला. "काका, इथं कधी फोडणी दिली का न्हाई? आतून कालच वास्तुशांत झाल्यावानी घर हाय! लई भाव येईल. फक्त ते खुराडं पाडा. तिथं चारचाकी उभी राहिली की भाव अजून वर जातो."

"रंग देतो," उमाशंकरराव म्हणाले. "खोली राहू दे."

किल्लारीच्या भूकंपात त्यांच्या बायकोचं, तारामतीबाईंचं, माहेर गेलं. आई आणि दोन भाऊ माळवदाच्या, मातीच्या जड छताच्या, खाली सापडून गेले. पुढं डाळ मिलच्या पगारातून उमाशंकररावांनी हे स्लॅबचं घर बांधलं. सळई जास्तीची घातली, ती बायकोला नेऊन दाखवली. त्यांनी मान हलवली. पण राहायला आल्यावर पहिल्यांदा आडव्या झाल्या तेव्हा त्या छताकडं बघतच राहिल्या. "अहो, हे लई जड हाय," एवढंच म्हणाल्या.

म्हणून अंगणात पत्र्याची खोली झाली. पत्रा अंगावर पडला तरी माणूस उठून उभं राहतं. आधी तिथं नुसत्या दोन खाटा होत्या. मग गॅस तिकडं गेला, देव गेले, पापडाचे डबे गेले. उन्हाळ्यात पत्रा तापायचा आणि वर मारायला पाणी कुठून आणायचं? दोघं दाराशी ओली पोती टांगून बसायची. आतल्या खोल्या पाहुण्यांसाठी आणि वर्षाराणीच्या अभ्यासासाठी राहिल्या. "आत चल," असं उमाशंकरराव बायकोला कधी म्हणाले नाहीत.

रंग देऊन झाला. दोन गिऱ्हाइकं आली, घर त्यांना आवडलं, अंगण बघून परत गेली. रुद्रेश चिडला. "काका, खोलीवर इतका जीव हाय तर नांदेडला घेऊन जावा की!"

तिसरं गिऱ्हाईक मुरुडचं होतं, हरिओम आणि त्याची बायको उज्वला. काका लेकीकडं नांदेडला चाललेत म्हणून घर विकतायत, हे रुद्रेशनं त्यांना येतानाच सांगितलं होतं. घर बघून उज्वला खुश झाली. अंगणात येऊन म्हणाली, "अन् हे काय काका? बकऱ्या पाळल्या होत्या का?"

रुद्रेशनं डोळ्यानं खुणावलं. उमाशंकररावांच्या तोंडून निघून गेलं, "भाडेकरू होते."

हरिओमचा चेहराच बदलला. "किती वर्षं?"

"लई वर्षं."

"मग झालंच! उद्या येऊन कब्जा सांगतील. आमच्या चुलत्यानं असंच घर घेतलं, अजून कोर्टात चपला झिजवून राहिलाय. कुठं गेले ते लोक?"

उमाशंकररावांनी खोलीचं दार ओढून घेतलं.

"काका, सांगा की!" रुद्रेश घाबरून म्हणाला.

"कब्जा सांगायला कोणी येत न्हाई," उमाशंकरराव म्हणाले. "एक वारली. दुसरा आता नांदेडला चाललाय."

उज्वलाचं हसू मावळलं. तिनं नवऱ्याची बाही ओढली. हरिओमच्या काही ध्यानात आलं नाही. "ते असू द्या. पण खोली पाडल्यावरच बयाना देईन," तो म्हणाला.

"पाडतो."

रुद्रेशनं घण घेऊन दोन माणसं पाठवली. उमाशंकररावांनी घण बाजूला ठेवायला लावला. आधी देव आणि खाटा बाहेर काढल्या. मग स्टुलावर एक माणूस चढवून एकेक बोल्ट सोडवून घेतला. खाली उभं राहून ते सारखे सांगत होते, "हळू रे, वाकू देऊ नको. अजून चांगले हायत." सगळे पत्रे सरळच्या सरळ उतरले. ते एकावर एक रचून त्यांनी फडक्यानं पुसले.

दुपारी रुद्रेशनं बोलावलेला भंगारवाला आला. पत्रे लांब होते, गाड्यात मावत नव्हते. त्यानं एकेक पत्रा जमिनीवर टाकला, मधोमध पाय दिला आणि दुमडला.

उमाशंकरराव नव्या रंगाच्या भिंतीला टेकून शेवटच्या पत्र्यापर्यंत उभे राहिले.