मावशीची दुसरी ओळ

निवृत्तीनंतर पिरनवाडीच्या घरी दुपारच्या वेळी मी अमेरिकेतल्या सुरुवातीच्या ब्लूज गायकांची रेकॉर्डिंग ऐकू लागलो. कापसाच्या शेतांवर राबणाऱ्या काळ्या मजुरांमधून आलेली ही गाणी. काही गायकांच्या दोन-चार तबकड्या निघाल्या आणि पुढे त्यांचा पत्ता लागत नाही. एका कंपनीने तर मूळ धातूचे साचे भंगारात काढले, असे वाचले. उरलेल्या तबकड्या इतक्या खरखरतात की माणूस पत्र्याच्या भिंतीपलीकडून गातो आहे असे वाटते.

यातल्या पुष्कळ गाण्यांत पहिली ओळ दोनदा येते आणि तिसरी तिला उत्तर देते. अशी रीत मी पूर्वी ऐकली होती, निपाणीत. माझी मावशी तंबाखूच्या वखारीत चाळणीवर काम करायची. गाताना तीही ओळ दोनदा म्हणायची. का, असे विचारल्यावर म्हणाली होती, "दुसऱ्यांदा म्हणूस्तोर पुढचं सुचतंय रं."

तेव्हा मी बेळगावच्या एका दैनिकात बातमीदार होतो. वखारीतल्या बायकांवर लेख लिहायचा म्हणून टेपरेकॉर्डर घेऊन गेलो होतो. लेख आला. जागा कमी पडली, म्हणून मावशीच्या टेप केलेल्या गाण्यातली दोनदा आलेली प्रत्येक ओळ मी एकदाच ठेवली.

मावशी गेल्या वर्षी गेली. वर्षश्राद्ध जवळ आले तेव्हा तिच्या मुलीचा, आक्काचा, निपाणीहून फोन आला.

"आईचं गाणं तुझ्याकडं हाय नव्हं? घरात ती कधी गायलीच न्हाय बघ. वखारीतनं आली की नुसती खोकायची. आम्ही ऐकलंच न्हाय."

हाय, घेऊन येतो, असे मी सांगितले.

कॅसेट सापडली. तिच्यावर माझ्याच अक्षरात 'वखार' लिहून खोडले होते आणि खाली 'सीमाप्रश्न, सभा' असे होते. कार्यालयात प्रत्येकाला मोजक्याच कॅसेट मिळत. मजकूर छापून आला की कॅसेट मोकळी, हा तिथला रिवाज. साचे भंगारात काढणाऱ्या कंपनीला मी आठवडाभर नावे ठेवत होतो.

दोन्ही बाजू ऐकल्या. भाषण, टाळ्या, घोषणा. दुसऱ्या बाजूच्या अगदी टोकाला भाषण तुटते आणि काही सेकंद जुने रेकॉर्डिंग उरते.

दुसऱ्या दिवशी टेपरेकॉर्डर घेऊन निपाणीला गेलो. वाटेतले संकेश्वर मागे पडेपर्यंत काय सांगायचे ते ठरत नव्हते. शेवटी आहे तसे सांगितले.

आक्का म्हणाली, "लई हुशार रं तू पेपरवाल्या. पुढाऱ्याचं भाषण ठेवलंस, आन् आई पुसलीस व्हय?"

मी टेपरेकॉर्डर पिशवीतून काढून तिच्यापुढे ठेवला.

"उरलंय ते तरी लाव."

मी लावले. चाळण्यांचा आवाज. कुणीतरी हसते. मग माझा आवाज, तरुण आणि घाईचा: "मावशी, तीच ओळ परत नको. पुढचं म्हण, टेप संपत आलीय."

त्यावर मावशी म्हणते, "बरं."

तिथे टेप संपते.

आक्काने डोळे पुसले नाहीत. टेपरेकॉर्डर स्वतःकडे ओढला आणि म्हणाली, "परत कसं लावायचं ते दाखव."