आधी त्याला बसाया सांगा

टीव्हीतल्या पोलिसांशी भांडणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. धुरपतामावशी. किनवटला आम्ही ज्या वसतिगृहात राहून शिकलो, तिथं ती स्वयंपाक करायची. रविवारी दुपारी जेवणाच्या हॉलमधला टीव्ही दोन तास लागायचा आणि त्या वेळात एका पोलीस मालिकेचे आठवडाभराचे भाग पुन्हा दाखवायचे. सुरुवातीचं संगीत वाजलं की मावशी पिठाचे हात पदराला पुसत बाहेर यायची, भिंतीला टेकून पाय पसरायची आणि पडद्यावर संशयिताला खोलीत आणलं रे आणलं की ओरडायची, "अरे, आधी त्याला बसाया सांगा की! किती येळ उभा ठिवून राहिले?"

आम्ही हसायचो. संशयिताशी आम्हाला काही घेणंदेणं नव्हतं. आमचा सगळा जीव इन्स्पेक्टर रणजितवर. तो गॉगल काढून टेबलावर ठेवायचा, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचा, एक ठेवून द्यायचा आणि दोन मिनिटांत चोर कबूल व्हायचा. आम्ही चाळीस मुली टाळ्या वाजवायचो. मावशीला तो माणूस अजिबात आवडत नसे. "ह्याला कवा चुकल्यावानी वाटतच न्हाई," ती म्हणायची, "असा माणूस लई वंगाळ." मालिकेतली मंदा नावाची शिपाई कोपऱ्यात नुसती उभी असायची. तिच्याकडे बोट करून मावशी म्हणायची, "ही समदं बघून राहिली, पर तोंड उघडंना. नोकरी जाईल म्हणून भ्याली असंल बिचारी."

तिचा लाडका एकच, म्हातारा हवालदार. भागाभागात त्याला जेमतेम एक वाक्य असायचं. पण तो आरोपीला पाण्याचा पेला आणून द्यायचा. तो दिसला की मावशी म्हणायची, "आला माझा भाऊ!" पुढं मालिकेत तो निवृत्त झाला, तेव्हा मावशी दोन रविवार टीव्हीसमोर आलीच नाही.

मी तेव्हा नववीत होते. इन्स्पेक्टर रणजितची नक्कल माझ्यासारखी कुणाला जमत नसे. ओढणीचा पट्टा, हातात फणी, आणि तोच आवाज, "बोल!" मुली लोळून हसायच्या. मावशी मात्र माझ्याकडे बघून मान हलवायची.

एका रविवारी मालिकेत घरकाम करणाऱ्या बाईला पकडून आणलं. रणजितनं तिला थप्पड मारली आणि हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. मावशी उठली आणि सरळ टीव्हीच्या पुढ्यात उभी राहिली.

"टाळ्या कशाच्या वाजवून राहिल्या गं? तिनं चोरी केली हे कुणी सांगितलं तुमाला?"

"मावशी, सरक ना! तिनंच केली."

"कशावरून?"

"अगं, ती आली तेव्हा संगीत बदललं की!" मी म्हणाले.

"हाव का? मंग आता चोर संगीतावर धरायचा का?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. महिनाभरातच मी काय करून बसणार आहे, हे मला कुठं ठाऊक होतं?

वंदना नावाच्या मुलीचे चांदीचे पैंजण चोरीला गेले. तिच्या आईचे होते. वंदना रडून रडून लाल झाली. आमच्या खोलीत जंगू नावाची मुलगी नवीन आली होती. जंगलातल्या गावची. घरी कोलामी बोलणारी, मराठी अडखळत यायचं, त्यामुळे गप्प गप्प असायची. कुणीतरी म्हणालं, "काल जंगू एकटीच खोलीत होती." झालं. भर दुपारी आम्ही खिडकीला चादर लावली, जंगूला भिंतीशी उभं केलं, आणि मुली माझ्याकडे बघायला लागल्या. मी ओढणी कमरेला बांधली. सुरुवातीला दोघी-तिघी हसत होत्या. मी "बोल!" म्हणाले. ती बोलली नाही. पुन्हा म्हणाले. मग मी तिला मारलं. जोरात. हसणं थांबलं, पण मी थांबले नाही. दुसऱ्या थपडेनंतर जंगू म्हणाली, "मी घेतलं."

मला खरंच वाटलं, मी चोर पकडला. तिचा हात धरून मी तिला मॅडमकडे, म्हणजे आमच्या गृहपालांकडे नेलं. जाताना हॉलमध्ये सगळ्यांना ओरडून सांगितलं, "चोर सापडला!" मॅडमना त्रासच नको होता. त्या म्हणाल्या, "कबूल झालीये ना? मग हिला घरी पाठवू. चारच्या गाडीनं वसतिगृहाचा शिपाई सोडून येईल."

मावशी स्वयंपाकघरातून आली. जंगूच्या गालाकडे तिनं बघितलं, मग माझ्याकडे.

"म्याडम, पोरगी कबूल झाली म्हणता. मंग पैंजण कुठं हायेत?"

मॅडमनी जंगूला विचारलं. ती म्हणाली, झाडाखाली. शिपायानं जाऊन बघितलं, काही नव्हतं. मग म्हणाली, विहिरीत. मग म्हणाली, माझ्या पेटीत. तिथंही नव्हते.

"तुमाला पायजे ते बोलून राहिली ती," मावशी म्हणाली. "मार थांबावा म्हणून."

"धुरपताबाई, तुम्ही तुमचं काम बघा."

"बघते की. पर ह्या पोरीला गाडीत बसवलं तर तिच्या बाजूला मी बसणार. तिच्या मायबापाला मी सांगणार काय झालं ते. सांजचा चाळीस पोरींचा सैपाक मंग तुमी बघा."

आवाज चढवला नाही तिनं. पण ती बोलते तसं करते, हे मॅडमना माहीत होतं. त्यांनी संध्याकाळपर्यंत थांबायचं कबूल केलं.

मावशीनं वंदनाला स्वयंपाकघरात बोलावलं. मी दाराआड उभी होते. तिनं वंदनाला पाट दिला, मूठभर भाजलेले शेंगदाणे हातावर ठेवले आणि स्वतः भाकरी थापत राहिली. दोन भाकऱ्या झाल्या तरी काही विचारलं नाही. मग हळूच म्हणाली, "हरवले का माय?"

वंदना एकदम फुटली. न विचारता ओढ्यावर आंघोळीला गेली होती, पाण्यात एक पैंजण निसटला. हरवला म्हटलं तर आई जीव घेईल, म्हणून चोरीला गेले म्हणाली. दुसरा तिच्याच पेटीत रुमालात बांधलेला होता. तो तिनं स्वतः उठून आणून दिला.

नंतर मी मावशीला विचारलं, "तुला कसं कळलं?"

"मला काय बी कळलं न्हवतं," ती म्हणाली. "मी इच्यारलं."

मला वाटलं, प्रकरण मिटलं. मावशीच्या लेखी मिटलं नव्हतं. ती म्हणाली, "जितक्या जणींपुढं तू तिला चोर म्हणालीस, तितक्या जणींपुढं सांग की ती चोर न्हाई. आन् तू मारलंस ते बी सांग."

मी म्हणाले, "मी एकटी नव्हते." तिनं विळी पुढं ओढली. मी जंगूची एकटीला माफी मागते म्हणाले. ती नुसती भाजी चिरत राहिली. तीन दिवस तिनं मला ताटात सगळं वाढलं, कमी केलं नाही, पण माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मी हट्टी होते. तिचा हट्ट माझ्यापेक्षा चिवट निघाला. चौथ्या दिवशी जेवणाआधी मी हॉलमध्ये उभी राहिले. "जंगूनं काही घेतलं नव्हतं. मी तिला मारलं म्हणून ती हो म्हणाली." जंगूनं वर बघितलंच नाही. पण ती वसतिगृहात राहिली आणि दहावी झाली.

आता मी लातूरला शाळेत शिकवते. मावशी थकल्यावर औशाला भाचीकडे राहायला आली, तेव्हा माझं तिच्याकडे जाणं पुन्हा सुरू झालं. एकदा मी विचारलं, "मावशी, तू नेहमी आरोपीच्याच बाजूनं का गं बोलायचीस?"

तेव्हा तिनं पहिल्यांदा नवऱ्याची गोष्ट सांगितली. किसन त्याचं नाव. देवणीच्या पलीकडं एका गावात मोठ्या शेतकऱ्याकडे तो सालगडी होता. मालकाचा देवणी जातीचा बैल नाहीसा झाला, मालकानं किसनचं नाव सांगितलं. ठाण्यात त्याला दोन दिवस उभं केलं, मारलं. तो कबूल झाला. तिसऱ्या दिवशी बैल बाजारात सापडला. मालकाच्या चुलतभावानंच विकला होता. "सोडलं त्येला," मावशी म्हणाली, "पर 'आमचं चुकलं' असं कुणी म्हणालं न्हाई. गाव सोडून किनवटला आलो तरी त्यो चार माणसांत बसला न्हाई कवा. चार वर्षांत गेला." मग म्हणाली, "मला एकदा तिथं जायचंय. तू येतीस का?"

डॉक्टरांनी तिला प्रवास नको म्हणून सांगितलं होतं. भाचीही नको म्हणत होती. मावशीनं पिशवी भरूनच ठेवली होती. पुढच्या सहा महिन्यांत ती वारली, पण त्याआधी आम्ही जाऊन आलो.

मालक वारला होता. त्याचा मुलगा, पन्नाशी ओलांडलेला, ओसरीवर भेटला. मावशीनं आपण कोण ते सांगितलं. तो म्हणाला, "मी तवा शाळंत होतो. समदं ठावं हाय मला. पर मावशी, झालं गेलं. आता उकरून काय मिळणार?"

"मला काय मिळवायचं न्हाई, दादा. तुमच्या पारावर माणसं बसलेत. माझ्या माणसानं बैल नेला न्हवता, एवढं त्येंच्यापुढं सांगा."

तो जागचा हलेना. मावशीही हलली नाही. आतून त्याची बायको म्हणाली, "सांगा की. इतक्या लांबून आल्यात त्या."

त्यानं टोपी घातली आणि आमच्याबरोबर पारापर्यंत चालत आला. सात-आठ माणसं होती, बहुतेक म्हातारी. तो उभ्यानं म्हणाला, "ह्या किसनरावांच्या मंडळी. आमचा बैल किसनरावांनी चोरला न्हवता. आमच्याच घरातल्या माणसानं विकला. आमच्या वडलांनी खोटं नाव सांगितलं."

एक म्हातारा पुटपुटला, "आमाला ठावं होतं."

मावशी त्याच्याकडे वळली. "ठावं होतं तर बोलला का न्हाईत?"

उत्तराची वाट न बघता ती चालू लागली. आम्ही फाट्यावर येऊन गाडी धरली. निलंगा मागं पडेपर्यंत मावशी खिडकीतून बाहेर बघत होती. मला वाटलं, ती रडत असेल. मग ती माझ्याकडे वळली. डोळे कोरडे होते, चेहरा उजळलेला.

"ऐकलंस का गं?" ती म्हणाली. "त्या घरात त्येला किसन्या म्हणायचे. आज किसनराव म्हणाला त्यो. चार माणसांत."