भाची दाराबाहेर

रतनभाऊ वाकून माझ्या पाया पडले, तेव्हा मी खुर्चीतच बसून राहिले. उठायचंही मला सुचलं नाही. ते पेशंट आणि मी शिकाऊ काउन्सेलर. असं झालं तर काय करायचं, हे आम्हाला कुठल्याच लेक्चरमध्ये सांगितलं नव्हतं.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी सुरतला एमएसडब्ल्यू करत होते. वडील पॉवरलूमवर कामाला, घर डिंडोलीच्या खान्देशी वस्तीत, आणि घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. या कोर्समध्ये फील्डवर्क असतं, म्हणजे आठवड्यातले काही दिवस प्रत्यक्ष कामाच्या जागी जायचं. मला एका हॉस्पिटलमधली मानसिक आजारांची ओपीडी मिळाली होती. तिथल्या सोशल वर्कर देसाई मॅडम माझ्या सुपरवायझर होत्या. त्या गुजरातीत बोलायच्या. त्यांचं बोलणं इथे मराठीत लिहिते.

रतनभाऊ (नाव बदललं आहे) डिंडोलीला लागूनच नवागामात राहणारे, पॉवरलूमवरचे कारीगर. त्यांनी कामावर जाणं बंद केलं होतं. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. घरच्यांनी आधी भगत केला, मग ताकदीची इंजेक्शनं. शेवटी ओपीडीत आणलं. डॉक्टरांनी डिप्रेशन सांगितलं आणि गोळ्या सुरू केल्या. मला बोलावून म्हणाले, "गोळीनं झोप येईल, भूक लागेल. पण याच्या मनात काय चाललंय ते गोळी विचारणार नाही. ते तू विचार. तुमची भाषा एक आहे."

थेरपी म्हणजे हेच. ठरलेल्या वेळी, दार लावून, एकाच माणसानं आपल्याबद्दल बोलायचं आणि दुसऱ्यानं ऐकायचं. ऐकायला सोपं वाटतं.

पहिल्या दिवशी त्यांच्या बायकोही आत आल्या. मी अहिराणीत बोलले तसा त्यांचा चेहरा उजळला. "तुनी मायनं माहेर कोनतं?" त्यांनी विचारलं. मी गाव सांगितलं. अमळनेरकडचं, आणि नेमकं रतनभाऊंचंच.

"मंग हाई तर आपली भाची शे," त्या म्हणाल्या.

आईच्या माहेरचे सगळे पुरुष मामा, हा आमच्याकडचा हिशेब. आणि खान्देशात मामा भाचीच्या पाया पडतो. म्हणून ते वाकले. मला संकोच वाटला, पण खरं सांगायचं तर बरंही वाटलं. कॉलेजात माझं गाव कधी कोणी विचारलं नव्हतं.

बायको बाहेर गेल्यावर मी शिकवल्याप्रमाणे नीट विचारलं, मरायचे विचार येतात का. हा प्रश्न सरळच विचारायचा असतो. विचारल्यानं तो विचार कोणाच्या डोक्यात शिरत नाही. असलाच तर बाहेर यायला वाट मिळते.

रतनभाऊ हसले. "नही वो भाची. बठ्ठं बरं शे."

सगळं बरं आहे म्हणाले, म्हणून मी 'नाही' असं लिहिलं.

पुढच्या वेळी त्यांनी भुईमुगाच्या शेंगा आणल्या. भाचीकडे रिकाम्या हातानं कसं जायचं? त्यांनी आईची चौकशी केली, माझ्या परीक्षेची केली, लग्नाचं कुठे बघताहेत का तेही विचारलं. तास संपला तेव्हा माझी सगळी माहिती त्यांच्याकडे होती आणि त्यांची माझ्याकडे काहीच नव्हती. बाहेर बायको हळूच म्हणाल्या, जेवण तसंच ताटात राहतं, कूसही बदलत नाहीत.

मी मॅडमना सांगितलं.

"तुझ्याशी बोलतं कोण? पेशंट की मामा?"

"मामा."

"आणि मामा भाचीला काय सांगतो?"

"बरं आहे म्हणून."

"मग तो अगदी बरोबर उत्तर देतोय," मॅडम म्हणाल्या आणि चहा प्यायला लागल्या.

त्या आठवड्यात ओपीडीबाहेरच्या बाकावर रतनभाऊ एका ओडिया कारीगराशी बोलत बसले होते. अनोळखी माणूस, पण लूमवरचाच. मी त्यांच्या पाठीमागून आत जात होते. रतनभाऊ हिंदीत म्हणाले, "सोके उठता हूँ तो भी थका रहता हूँ भाई. लगता है, अब बस." माझ्याशी इतकं ते एकदाही बोलले नव्हते.

मॅडमनी ऐकून घेतलं. "मग तूही हिंदीत बोल."

"आपल्या माणसाशी हिंदीत? शिकून शहाणी झाली म्हणतील."

"म्हणू दे. आधी जिवंत राहू दे त्याला."

रतनभाऊंना आत बसवून मी दार लावलं. "रतनभाई, इस कमरे में मैं आपकी भांजी नहीं हूँ. यहाँ की बात डिंडोली नहीं जाएगी, गाँव भी नहीं जाएगी, मेरी माँ तक भी नहीं. सिर्फ जान का खतरा हो तो डॉक्टर को बताना पड़ेगा, और वो भी पहले आपको बोलके."

ते खुर्चीत थोडे सैल झाले.

"मॅडम," ते म्हणाले. पहिल्यांदाच मॅडम म्हणाले. "मशीन पे धागा टूटता है, मेरे को दिखता है. हाथ नहीं उठता."

मी तो प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी हिंदीत.

"आता है," ते म्हणाले. "रोज आता है."

त्यांना सांगूनच मी डॉक्टरांना बोलावलं. त्यांच्या परवानगीनं बायकोला आत घेतलं. काही दिवस त्यांना एकटं सोडायचं नाही, गोळ्या बायकोनं आपल्याजवळ ठेवायच्या, आणि मन फारच खचलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता सरळ इथे यायचं, असं ठरलं. बायको रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "माले सांगाले पाहिजे व्हतं." रतनभाऊंनी मान खाली घातली, पण त्या दिवशी ते घरी गेल्यावर जेवले.

तिथून थेरपी खरी सुरू झाली. फार सरळ चालली नाही. मध्ये एकदा ते आलेच नाहीत, तेव्हा देसाई मॅडम आणि मी नवागामला जाऊन त्यांना घेऊन आलो. हळूहळू ते अर्ध्या पाळीला जायला लागले, मग पूर्ण. आत ते हिंदीत बोलायचे, मी मॅडम. दार उघडलं की अहिराणी, आणि मी भाची. हा नियम आम्ही कधी बोलून ठरवला नाही.

आता मी नवीन ट्रेनींना शिकवते. पेशंटच्या भाषेत बोला, असं पुस्तकात असतं आणि ते बहुतेक वेळा बरोबर असतं. मी त्यात एकच भर घालते: त्या भाषेत त्याला कोण कोण ओळखतं, ते आधी बघा.

शेंगा त्यांनी शेवटपर्यंत आणल्या. पण पिशवी दाराबाहेरच द्यायचे.