प्रोग्राम म्हणाला, विंडोज

असल्या गोष्टी मी कधी छापल्या नाहीत. वृत्तपत्राच्या डेस्कवर असताना भूत पाहिल्याचं सांगायला कुणी आलं, तर चहा पाजून परत पाठवत असे. म्हणून घडलं तेवढंच लिहितो.

माझी पुतणी ऋचा सॉफ्टवेअर लिहिते. ग्वाल्हेरला दाना ओली नावाच्या गल्लीत, आमच्या घराच्या तळघरात तिचं ऑफिस आहे. दाराचं इलेक्ट्रिक कुलूप आतून कॉम्प्युटरवरूनच उघडायचं. तिचा प्रोग्राम आधी मशीनला विचारायचा — ऑपरेटिंग सिस्टिम कोणती? विंडोज असेल तर एक आज्ञा, लिनक्स असेल तर दुसरी. विंडोजचं जुनं मशीन उन्हाळ्यातच भंगारात गेलं. नव्यावर फक्त लिनक्स.

खंडेनवमीला आमच्याकडे पूर्वी तलवार पुजायचे, आता कॉम्प्युटर. तो बंद करून आम्ही हळद-कुंकू वाहिलं, धूप लावला. आणि मी सवयीने दार ओढून घेतलं...

"काका! दार लावलंत?"

खिडकी नाही, मोबाइलला नेटवर्क नाही, हाक वर पोचत नाही. मला दमा आहे आणि पंप वरच्या खोलीत. धूप विझवला, पण धूर जाणार कुठे?

"मशीन चालू कर."

"पूजेतलं? दसऱ्याच्या आधी? आई जान ले लेगी."

"वहिनींचं मी बघतो. आधी बाहेर तर पडू."

तिने फूल बाजूला करून मशीन चालू केलं. प्रोग्रामने दाखवलं — 'सिस्टिम: विंडोज. पुढे जायचं?'

"ये क्या बोल रहा है?" तिने 'नाही' दाबलं. पुन्हा तेच उत्तर. मशीनला थेट विचारलं, तर लिनक्स. मग तिने प्रोग्राममधला प्रश्नच काढून टाकला आणि लिनक्सची आज्ञा दिली. कुलूप ढिम्म.

माझ्या छातीत शिट्टी वाजू लागली होती. बोलणं तुटत होतं. "तो म्हणतो... ते मान."

"काका, विंडोजच्या आज्ञेची फाइलच नाहीये इथे! चलेगा क्या?"

"हो म्हण..."

तिने प्रश्न परत घातला. पुन्हा विंडोज. तिने 'हो' दाबलं. खट् — दार सुटलं.

नंतर ऋचाने सगळं तपासलं. विंडोजच्या आज्ञेची फाइल त्या मशीनवर कधीच नव्हती. तोच प्रोग्राम आता दर वेळी लिनक्स सांगतो. कुलूपवाल्यालाही काही दोष सापडला नाही. दाराला आता साधी कडी आहे.

मी जिन्यावर बसून पहिला पुरता श्वास घेतला. तो कोणत्या आज्ञेने मिळाला, ते मला आजही सांगता येत नाही.