सी मरते, डी राह्यते

मनोहरभाऊंनी गोधडीत गुंडाळलेला कॉम्प्युटरचा कॅबिनेट माझ्या काउंटरवर ठेवला आणि घाम पुसला. अमरावतीहून अकोल्यापर्यंत एसटीत ते तो मांडीवर घेऊन बसले होते.

"ताई, नवीन कॉम्प्युटर द्या," ते म्हणाले. "पन आत हेच पायजे."

"हेच म्हणजे काय?"

"समदं. विंडोज हेच, अक्षरं हेच. अन् डी ड्राइव्ह."

माझं जठारपेठेत कॉम्प्युटर जोडायचं आणि दुरुस्तीचं दुकान आहे. मनोहरभाऊ अमरावतीला इतवाऱ्यात लग्नपत्रिका करतात. त्यांचं हे मशीन मीच जोडलं होतं. आत विंडोज एक्सपी, म्हणजे आमच्या तरुणपणीची ऑपरेटिंग सिस्टिम. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे कॉम्प्युटरची कारभारीण. घरात कुणी काय करायचं ते ती ठरवते.

मशीन सुरू केलं तर हार्ड डिस्क टकटक करायला लागली. डिस्कमध्ये चकती फिरते आणि एक सुई तिच्यावरचं वाचत जाते. टकटक म्हणजे सुई अडखळते आहे.

"भाऊ, ही डिस्क जाऊन राहिली."

"जाऊ द्या. माह्या पत्रिका डीमंदी हायेत. सी मरते, डी राह्यते. तुमच्याच सरांनी सांगतलं होतं."

सांगितलं होतं खरं. आमचे सर, म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी हे काम शिकले ते, प्रत्येक गिऱ्हाइकाला हेच सांगत. त्या काळी विंडोज सारखं बिघडायचं. मग सी पुसून ते पुन्हा टाकायचं. म्हणून डिस्कचे दोन-तीन भाग करायचे, सीमध्ये विंडोज आणि डीमध्ये आपला माल. काय दिवस होते. नवा कॉम्प्युटर आला की लोक हळदकुंकू लावायचे, खोलीबाहेर चपला काढायचे. विंडोज टाकायला आम्ही बसलो की सगळं घर स्क्रीनवरचा हिरवा पट्टा बघत बसायचं आणि आमच्यासाठी पोह्यांच्या बशा यायच्या. आता कुणी पाणी विचारत नाही, उलट आम्हालाच विचारतात, अजून किती वेळ? मला ते दिवस फार आवडायचे, अजूनही आठवले की बरं वाटतं.

पण सी आणि डी हे एकाच वावराचे दोन तुकडे होते, मध्ये नुसता बांध. वावरच खचलं तर दोन्ही जाणार. हे समजावल्यावर मनोहरभाऊ स्टुलावर बसले.

"मंग माह्यं दुकान बंद," ते म्हणाले. "सोमवारी दर्यापूरकडचे गजाननभाऊ येऊन राहिले. धाकटीची पत्रिका. म्हनते, मोठीच्या पत्रिकेवानी करा, फक्त नवरा-नवरी बदला."

त्यांचा धंदा असाच चालतो. एका घरातलं पहिलं लग्न झालं की पुढच्या प्रत्येक लग्नाला तीच फाइल उघडायची. वर आजोबा, मग काका, आत्या, मामा, जावई, शेवटी 'आमच्या मावशीच्या लग्नाला नक्की या' म्हणणारी पोरं. एक नाव गळलं की ते घर रुसतं आणि मांडवात येत नाही.

"छापलेली पत्रिका असेल ना गजाननभाऊंकडे?"

"इचारलं. घरी एक बी उरली नाई. म्हने, तुमच्या मशीनमंदी हाय न, मंग आमी काहून ठेवावं?"

"मग फोन करा, नावं विचारा."

"बुडवली म्हनून सांगू? उद्या पुरा इतवारा हसन मले."

म्हणजे सोमवारच्या आत ती फाइल हवी होती. दोन दिवस माझ्या हातात होते.

आधी मी सरळ रस्ता धरला. नवं विंडोज टाकलं, जुने फॉन्ट त्यात चालेनात, म्हणून त्यांची एक पत्रिका नव्या अक्षरांत बदलून बघितली. मनोहरभाऊ मोठ्यानं वाचायला लागले आणि दुसऱ्याच ओळीत थांबले. 'सूर्यभानजी' होते तिथे 'सूयर्भानजी' झाले होते.

"याले कोन ओळखन? आजोबा हायेत ते."

लिनक्स नावाच्या फुकटच्या ऑपरेटिंग सिस्टिमचाही विचार केला. पण साठी ओलांडलेल्या माणसाच्या बोटांना लग्नसराईत नवं काही शिकवायचं नसतं. जुनं एक्सपी थेट टाकावं, तर नव्या मदरबोर्डला, म्हणजे आतल्या मुख्य पाटीला, ते ओळखच देत नाही.

शेवटी नव्या विंडोजच्या पोटात एक खोटा जुना कॉम्प्युटर उभा केला. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. नव्या बंगल्यात चुलीची एक खोली तशीच राखावी, तसं. ड्रॉवरमधून एक्सपीची सीडी काढली, तिच्यावर सरांच्या अक्षरात मार्करनं नाव होतं. स्क्रीनवर तो हिरवा डोंगर आणि निळं आभाळ आलं. सर आता नाहीत. पोहे मागवले आणि आम्ही दोघांनी खाल्ले. आतल्या या एक्सपीला इंटरनेट मात्र दिलं नाही. म्हाताऱ्याला हायवेवर सोडायचं नसतं.

मग डिस्कचं ठरवलं. सीसाठी एसएसडी, तिच्यात फिरणारं काही नसतं, म्हणून ती वेगानं चालते. डीसाठी वेगळी मोठी हार्ड डिस्क. एका डिस्कवरचं दुसरीवर आपोआप उमटत राहील असा आरसाही करता आला असता. पण मनोहरभाऊंना अधूनमधून जुन्याच फाइलवर नवी पत्रिका सेव्ह करायची खोड, आणि आरसा चूकही तितक्याच इमानानं उतरवतो. म्हणून तिसरी डिस्क दिली, सुटी. आठवड्यातून एकदा जोडायची, कॉपी करायची, काढून घरी कपाटात ठेवायची.

"म्हंजे आता डी खरंच येगळी?"

"आता खरंच वेगळी."

राहिला जुना माल. एक सॉफ्टवेअर अडलेली जागा पुन्हा पुन्हा वाचून बघतं, त्यावर डिस्क लावली. जवळपास सगळं आलं. जे थोडं आलं नाही, त्यात गजाननभाऊंच्या मोठ्या मुलीची फाइल होती. पाच-सहा वेळा प्रयत्न केला. शेवटी मी मान हलवली.

मनोहरभाऊ बोटांवर लग्नं मोजायला लागले. मग म्हणाले, "त्याच्या आंधी नारायणरावच्या पोराचं लगन झालं होतं. नारायणराव म्हंजे गजाननभाऊचा मोठा भाऊ. त्याच पत्रिकेतून मोठीची केलती. ते पाहा बरं."

ती उघडली. आजोबा, आत्या, मामा, सगळे जागच्या जागी होते. मधल्या काळात आलेले जावई आणि पोरं त्यांनी आठवून घातली.

सोमवारी मी स्वतः अमरावतीला मशीन बसवायला गेले. प्रिंटरची केबल जोडत होते तेवढ्यात गजाननभाऊ आले, काळ्या मातीचे जोडे दाराशी काढून. मनोहरभाऊंनी अकोल्यातच काढलेली कच्ची प्रत हातात दिली. ते एकेका नावावर बोट ठेवत वाचत गेले आणि एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"हे नाव मोठीच्या पत्रिकेत नव्हतं," ते म्हणाले.

नाव होतं नारायणरावांचं. मग त्यांच्या बोलण्यातून कळलं, दोघा भावांचं बिनसलं होतं, मोठीच्या लग्नाआधीच. तेव्हा ते नाव काढायला लावलं होतं आणि मोठा भाऊ मांडवात आला नव्हता. आमच्या हाती लागलेली फाइल भांडणाच्या आधीची होती.

"काढून टाकतो," मनोहरभाऊ म्हणाले आणि माउस धरला.

गजाननभाऊ कागदाकडे बघत उभे राहिले. "मोठीनं त्या दिवशी लय डाव इचारलं होतं, मोठे बाबा काहून नाई आले म्हनून." मग कागद परत देत म्हणाले, "राहू द्या ते नाव. अन् एक पत्रिका येगळी काढजा. दादाले मी सोता नेऊन देतो."

ते गेल्यावर मी मनोहरभाऊंना विचारलं, "ते नाव काढायचं विसरलात, की ठेवलंत?"

"इतके खानदान हायेत, ताई. मानूस विसरतेच." स्क्रीनवरून त्यांनी नजर काही उचलली नाही.

नारायणराव लग्नाला आले, आणि अक्षता पडेपर्यंत दोघे भाऊ मांडवात शेजारी उभे होते, असं मनोहरभाऊंनी फोनवर सांगितलं. माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर मात्र त्या कामापुढे 'डेटा रिकव्हरी अपूर्ण' एवढंच लिहिलेलं आहे. बॅकअप घ्यावा, वेळेवर घ्यावा, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते. फक्त हा किस्सा त्यांना सांगत नाही.